घरातले मूल आणि त्याचे उद्योग

‘सर्जनशीलता’ हा शब्द शिक्षणविषयक ग्रंथांत पदोपदी आढळतो. घरात मात्र तो कोणी उच्चारीत नाही. घरात त्याच गोष्टीला दुसरी नावे आहेत. मराठी आई ‘उपद्व्याप’ म्हणते, ‘हा काय उद्योग मांडला आहेस?’ असे विचारते. गुजराती घरात ‘तोफान’ होते आणि हिंदी घरात ‘शरारत’. तीन वर्षांचे मूल पाण्याच्या बादलीत एकामागून एक वाट्या बुडवून पाहत असते, घरातल्या सगळ्या चपलांची आगगाडी करीत असते किंवा आजोबांच्या चष्म्याच्या घरात चिंचोके भरून ठेवीत असते, तेव्हा यांपैकी एखादा शब्द हमखास कानी पडतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे: मुलाच्या या उद्योगांचे घरातील मोठी माणसे काय करतात, आणि त्यांनी काय करावयास हवे.

मुलाची पहिली निर्मिती चित्रात किंवा मातीत दिसत नाही. ती बोलण्यात दिसते. अडीच-तीन वर्षांचे मराठी मूल ‘मी करलं’ असे म्हणते, ‘मुंगी मरली’ असे सांगते. घरात ‘करलं’ हे रूप कोणीही उच्चारलेले नसते. आई ‘केलं’ म्हणते, वडील ‘केलं’ म्हणतात, शेजारीही तेच म्हणतात. मग मुलाने हा शब्द आणला कोठून? बस-बसला, उठ-उठला, पड-पडला ही रूपे ऐकता ऐकता त्याने स्वतःच एक नियम शोधून काढला आणि तो ‘कर’ या धातूला लावून पाहिला. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक खरी. परंतु पाठांतराने अशी चूक होऊच शकत नाही. ज्याने नियम घडविला आहे त्याच्याच हातून ती होते. भारतातीलच नव्हे, जगातील सर्व भाषांत मुले या वाटेने जातात. रशियन लेखक कोर्नेई चुकोव्स्की यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे असे बोल वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि त्यांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

अशा वेळी घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मुलाला थांबवून शुद्ध रूप वदवून घेतले जाते, किंवा सर्वजण हसतात आणि पाहुणे आले की ‘बोल पाहू पुन्हा’ असा आग्रह धरला जातो. दुसरा प्रकार प्रेमाचा वाटतो, पण तो पहिल्याहून फारसा निराळा नाही. कारण त्यामुळे मुलाचे लक्ष मुंगीवरून उडून ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळते. वस्तुतः येथे काहीच करावयाचे नसते. ‘हो का? मुंगी मेली? कुठे मेली?’ एवढे विचारले की शुद्ध रूप कानावर पडते आणि संभाषणही पुढे सरकते. ‘करलं’ यथावकाश आपोआप गळून जाते.

आता चित्राकडे वळू. भारतातील कोणत्याही प्रांतात पहिली-दुसरीतल्या मुलाला कागद देऊन ‘तुला हवे ते चित्र काढ’ असे सांगावे. वर्गातील बरीच मुले जे चित्र काढतात ते या सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा अर्धा सूर्य, सूर्याचे सरळ किरण, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर एक झोपडी, झोपडीपाशी नारळाचे एक झाड आणि आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे चार पक्षी. बंगालच्या सपाट प्रदेशातील मूल हेच चित्र काढते, राजस्थानच्या वाळवंटातील मूलही हेच काढते. जेथे सूर्य समुद्रात मावळतो तेथील मुलाचा सूर्यदेखील कागदावर डोंगरातूनच वर येतो. मुंबईच्या चाळीत किंवा दिल्लीच्या वसाहतीत वाढणारे मूल आपल्या खिडकीतून दिसणारी दोरीवरची धुणी, पाण्याची टाकी, जिन्यातले मांजर यांपैकी काहीही काढीत नाही.

तेच मूल तीन वर्षांचे असताना असे नव्हते. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बाईंनी जगाच्या अनेक भागांतील लहान मुलांची लक्षावधी चित्रे गोळा केली आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार दाखवून दिले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी रेघ, गुंडाळी, अपुरे वर्तुळ इत्यादी. गिरगोट्यांतून आकार, आकारांतून सूर्यासारखे गोल, त्या गोलातून डोळे-तोंड फुटलेला माणूस, असा हा प्रवास असतो. डोक्यालाच थेट हातपाय फुटलेला माणूस जगभरची मुले काढतात. ती शिकविण्याची गरज नसते.

मग मध्यंतरीच्या तीन-चार वर्षांत काय घडते? बहुतेक घरांत जे घडते ते साधे असते. मूल खडू घेऊन येते व ‘मला हत्ती काढून दे’ असे म्हणते. मामा, काका किंवा मोठी बहीण हत्ती काढून देते; तो हत्ती मुलाच्या हत्तीपेक्षा अर्थातच चांगला असतो. दुसऱ्या दिवशी मूल स्वतः काढलेला हत्ती खोडून टाकते. पुढे बाहेरच्या रेषा छापलेले रंगवायचे पुस्तक येते, आणि ‘रेघेबाहेर रंग जाऊ देऊ नको’ ही सूचना येते. शेवटी कोणीतरी डोंगर आणि सूर्य शिकवितो. हे चित्र कोणालाही चटकन जमते, कोणीही त्याला नावे ठेवीत नाही, आणि म्हणूनच मूल त्याच्या आश्रयाला जाते. हे सगळे मदत करण्याच्या हेतूनेच होते. मुलाचे चित्र फाडून टाकणारे पालक विरळा. ते सुधारून देणारे मात्र घरोघरी आहेत. जे मूल तीन वर्षांचे असताना ‘हे बघ!’ म्हणत धावत येत होते, ते सहाव्या वर्षी ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारू लागते. या एका प्रश्नात काय हरवले आहे याची दखल शाळेच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात घेतली जात नाही.

या संदर्भात गिजुभाई बधेका यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. गिजुभाईंचा जन्म १८८५ सालचा. व्यवसायाने ते वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला कसे वाढवावे, या अगदी घरगुती प्रश्नातून ते मारिया माँटेसरींच्या विचारांपर्यंत येऊन पोहोचले. १९१६ साली त्यांनी वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत प्रवेश केला आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, ही पदवी दिली. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे शाळेतील प्रयोगांविषयीचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत वाचले गेले. परंतु आईबापांसाठी त्यांनी जे विपुल लेखन केले ते आपल्याकडे त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. त्या लेखनाचा रोख घरातील अगदी किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगांवर आहे: मुलाला स्वतःची बटणे लावू न देणे, त्याच्या हातून पेला काढून घेणे, त्याचे बोलणे अर्ध्यावर तोडणे. एरवी ज्याला आपण शिस्त किंवा घाई म्हणतो तेथे गिजुभाई मुलाचा झालेला अपमान पाहतात.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे महाराष्ट्रात या कार्याला वेगळे वळण दिले. माँटेसरी पद्धतीची आखीव साधने महाग असत. खेड्यातील बालवाडीला ती कशी परवडावीत? १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी गारगोट्या, शिंपले, बिया, पाने, माती यांची साधने केली. आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यातील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हे अंगण आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जे साहित्य ताराबाईंनी शाळेत नेले ते मुळात घराच्या आसपासचेच होते. आज अनेक सुखवस्तू घरांतून चिंचोके, गोट्या, नारळाच्या करवंट्या हद्दपार झाल्या आहेत आणि रंगीत खोक्यात भरलेले ‘शैक्षणिक साहित्य’ विकत आणले जाते. केंद्र शासनाने २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो ‘जादुई पिटारा’ तयार केला, त्यात खेळणी, कोडी, कठपुतळ्या, गोष्टींची पुस्तके आहेत. शाळेच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह आहे. घरात असा पेटारा बहुधा आधीपासूनच असतो. त्याला स्वयंपाकघर म्हणतात.

पोळ्या करताना आई मुलाच्या हाती कणकेचा लहानसा गोळा देते, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्या गोळ्याचा साप होतो, सापाची अंगठी होते, अंगठीचे जाते होते, आणि शेवटी काळपट पडलेल्या त्या कणकेची चानकी लाटली जाते. ही चानकी तव्यावर भाजली गेली आणि घरातील कोणीतरी ती खरोखर खाल्ली, तर त्या मुलाला जे मिळते ते कोणत्याही रंगीत मातीच्या डब्यातून मिळावयाचे नाही. आपल्या हातचे काम जगात उपयोगी पडले, हा अनुभव त्याला मिळतो. कच्ची कणीक मात्र पोटात जाऊ देऊ नये, आणि तव्याजवळचे काम मोठ्यांनीच करावे, हे सांगावयास नको. मटार सोलणे, पावटे निवडणे, धुतलेले चमचे लहानमोठे वेगळे करणे, वाळलेले कपडे ओळखून ज्याचे त्याला नेऊन देणे या कामांत वर्गीकरण आहे, मोजणे आहे, हातांची बोटे वळवणे आहे. मटाराच्या टरफलाची होडी होते हा शोध तर प्रत्येक मूल स्वतंत्रपणे लावते.

येथे एक शंका उपस्थित होते. मोठ्यांचे पाहून करणे हेदेखील अनुकरणच, मग मामाच्या हत्तीची नक्कल तेवढी वाईट का? या शंकेचे उत्तर तमिळ घरांच्या उंबरठ्यावर मिळते. तेथे पहाटे अंगण धुऊन तांदळाच्या पिठाने कोलम काढतात. प्रथम ठिपक्यांची मांडणी, मग ठिपक्यांना वळसे घालीत जाणारी रेघ. काही कोलमांत एकच रेघ सर्व ठिपक्यांभोवती फिरून आरंभबिंदूला येऊन मिळते. पायरीवर बसलेली चार वर्षांची मुलगी हे पाहत असते. तिच्या चिमटीत थोडे पीठ येते, ती कडेला ठिपके मांडते, तिची रेघ भलतीकडे जाते. आई स्वतःच्या कामात असते. तिला मुलीची रेघ सुधारावयास सवड नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींचीही कोलमे पाण्याबरोबर वाहून जातात आणि पुन्हा कोरी जमीन मिळते. ती मुलगी आईच्या हाताची चाल उचलीत असते, काम करण्याची रीत शिकत असते. मामाच्या हत्तीपासून मुलाच्या हाती येतो तो फक्त तयार झालेला हत्ती. मिथिलेत लग्नघराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या स्त्रियांच्या शेजारी बसून मुली जी कला शिकत आल्या, तिचीही रीत हीच. तेथे सर्वांचे विषय एकच, मासे, कमळे, बांबू. तरी दोन बायकांची चित्रे सारखी नसतात.

तेव्हा मुलाला मोकळे सोडा याचा अर्थ त्याला कागदासमोर एकटे बसवा, असा करण्याचे कारण नाही. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत १९४४ पासून सुमारे अठरा वर्षे कलाशिक्षक असलेले, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद यांनी कला हा शिक्षणाचा पायाच मानला. तेथे कला ही शेती, सूतकताई, सफाई यांच्याच सोबतीने नांदत होती, स्वतंत्र तासाच्या चौकटीत नव्हे.

खेळण्यांविषयी थोडे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी देशभरच्या जत्रांतील साधी खेळणी अभ्यासली: कागदाची भिरभिरी, टिकटिक वाजणारी, उडणारी, गरगर फिरणारी. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या आणि पुढे टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. ही खेळणी लवकर मोडतात, हा त्यांचा दोष मानला जातो. परंतु मोडल्यावर आत काय होते ते दिसते आणि मूल ते पुन्हा जुळवू शकते. आंब्याची कोय घासून केलेली पिपाणी किंवा माडाच्या पातीची गुंडाळलेली पिपाणी संध्याकाळपर्यंत वाजली तरी पुष्कळ. अवनींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोर चित्रकाराने आपल्या उतारवयात वाळक्या फांद्या, मुळे, लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांत दडलेले पक्षी, प्राणी, माणसे शोधली आणि त्यांना ‘कुटुम-काटाम’ असे लाडके नाव दिले. ज्याचे नाव भारतीय चित्रकलेच्या इतिहासात आहे, त्याला वाळकी फांदी पुरेशी वाटली. पालकांना मात्र महागडी रंगपेटी आणल्यावाचून मुलाला आपण काही दिले असे वाटत नाही.

आता बक्षिसांचा प्रश्न, जो आजच्या पालकांना विशेष लागू आहे. १९७३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संलग्न बालशाळेतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट हे त्याचे कर्ते. तीन ते पाच वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का व लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते प्रशस्तिपत्र न सांगता, चित्र झाल्यावर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनंतर वर्गात मोकळ्या वेळी तीच पेने टेबलावर ठेवली आणि कोण किती वेळ चित्रे काढतो ते दुरून पाहिले. ज्यांना बक्षिसाचे आमिष आधी दाखविले होते त्या मुलांनी इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही सरस ठरली नव्हती. न सांगता मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र काही बिघडले नाही.

या प्रयोगाचा अर्थ मुलाचे कौतुक करूच नये असा काढणे अतिरेकाचे होईल. भारतीय घरात तसे कोणी करणारही नाही. आजी असेपर्यंत ते शक्य नाही. परंतु ‘छान, छान’ एवढ्यावर न थांबता चित्राकडे खरोखर पाहावे. ‘येथे तू पुष्कळ काळे केले आहेस, ही रात्र का?’ असे विचारले की मूल सांगू लागते, आणि पुष्कळदा ती रात्र नसून पावसात भिजलेली म्हैस असते. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न त्या मानाने वाईट, कारण ते काहीतरी असलेच पाहिजे असे त्यात गृहीत धरलेले असते.

पडद्याविषयी बोलल्यावाचून आज हा विषय पुरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सुचविले की एक वर्षाखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक वेळ नसावा. कमी तितके चांगले. डोळ्यांविषयी डॉक्टर सांगतातच. घराच्या दृष्टीने मोठे नुकसान वेगळे आहे. स्वयंपाक होईपर्यंतचा तो अर्धा तास, बस येईपर्यंतची ती वीस मिनिटे, पूर्वी मुलाला कंटाळा येत असे. त्या कंटाळ्यातूनच चपलांची आगगाडी निघत असे. हातात फोन दिला की कंटाळा जातो आणि आगगाडीही निघत नाही. येथे थकलेल्या आईला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ती कामावरून येते, पाणी भरते, चूल पेटविते. घरातील पुरुष त्या वेळी स्वतःच फोन पाहत बसलेला असतो. मुलांच्या संगोपनावरील बहुतेक व्याख्याने आईला उद्देशून असतात ही या विषयातील एक जुनी खोड आहे.

याच्याशीच निगडित दुसरी गोष्ट. घरातील काम मुलीला दिले जाते आणि खेळ मुलाला. सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. तिच्या वाट्याला काम भरपूर येते, पण त्या कामात रमण्याची, वाटेत मटाराची होडी करण्याची सवड येत नाही. तिच्या भावाला सवड आहे, पण कणकेचा गोळा त्याच्या हाती कोणी देत नाही. दोघेही अर्धे उपाशी राहतात.

शेवटी जागेचा प्रश्न. एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे ‘मुलाचा कोपरा’ कोठून आणावा? परंतु जागा म्हणजे खोलीच असली पाहिजे असे नाही. पलंगाखालची एक पत्र्याची पेटी, जिच्यातील चिंध्या, झाकणे, दोरे, काडेपेट्या मुलाला विचारल्याशिवाय कोणी फेकावयाच्या नाहीत, एवढी जागाही पुरते. अर्धवट राहिलेली वस्तू रात्री न आवरता सकाळपर्यंत राहू देणे, ही दुसरी जागा. आणि भिंत. विख्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी म्हैसूरच्या घरी लहानपणी जमिनीवर, भिंतींवर, दारांवर रेघोट्या ओढल्या होत्या. भिंतीवर रेघोट्या ओढणारी बहुतेक मुले पुढे व्यंगचित्रकार होत नाहीत. ती पोस्टात, शेतावर, कचेरीत काम करतात, आणि त्यांच्या भिंती त्यामुळे वाया गेल्या असे कोणी समजू नये. पाहुण्यांच्या नजरेत न येणाऱ्या भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा दसऱ्यानंतरच्या रंगसफेदीपर्यंत मुलाच्या नावाने सोडून देता येतो. कोळसा आणि खडू एवढे साहित्य पुरे होते. सफेदी करावयाचा दिवस आला की मात्र मुलाला एक दिवस आधी सांगावे. काही मुले हट्ट धरतात, काही स्वतःच ओला बोळा घेऊन भिंत पुसावयास लागतात, आणि बरीच मुले ‘नवीन भिंत कधी सुकेल?’ एवढेच विचारतात.